दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

मनुष्याच्या आयुष्यात जे प्रश्न वारंवार येतात ते बहुधा मोठे नसतात. जन्म, मृत्यू आणि विवाह ह्यांविषयी विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहून ठेविले आहेत. पण छत्रीची एक काडी मोडली असता ती छत्री नीट करून आणावी की नवी घ्यावी, ह्या प्रश्नाची मीमांसा करणारा ग्रंथ आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. वास्तविक पाहता हा दुसरा प्रश्न वर्षातून दहा वेळा उद्भवतो, आणि प्रत्येक वेळी आपण त्याचे उत्तर देतो ते विचाराने नव्हे, तर त्या दिवशीच्या मनःस्थितीने. पगार नुकताच झाला असेल तर नवी. महिनाअखेर असेल तर जुनीच. जी गोष्ट छत्रीची तीच चपलेची, घड्याळाची आणि पाण्याच्या पंपाची. ह्या लेखात हा प्रश्न आम्ही एका विशिष्ट वस्तूच्या निमित्ताने विचारात घेणार आहोत. ती वस्तू म्हणजे मोटारीचा अल्टरनेटर. वाङ्मयाच्या मासिकात हे नाव पाहून वाचक दचकतील. पण ज्या वस्तूने आम्हांस पंधरा दिवस विचार करावयास लाविले, ती वाङ्मयास अगदीच परकी असेल असे आम्हांस वाटत नाही.

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पेट्रोल पेटविणारी ठिणगी विजेची, रात्रीचे दिवे विजेचे, पावसात काच पुसणारे वायपर विजेचे, आणि इंजिनास किती पेट्रोल द्यावयाचे हे ठरविणारा लहानसा संगणकही विजेवरच चालतो. ही सर्व वीज बॅटरी पुरविते अशी सामान्य समजूत आहे. परंतु बॅटरी ही कोठी आहे, शेत नव्हे. कोठीतून नुसते काढीतच राहिले तर ती लवकरच रिती होते. तीत धान्य भरीत राहण्याचे काम अल्टरनेटर करतो. इंजिनाच्या कुशीला, पट्ट्याने फिरणारे, नारळाहून थोडे मोठे असे हे यंत्र असते. त्याच्या पोटात रोटर नावाचा विद्युच्चुंबक फिरतो. त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची तीन वेढणी स्थिर बसविलेली असतात, त्यांस स्टेटर म्हणतात. चुंबक फिरला की तारेत वीज उत्पन्न होते. पण ती क्षणात इकडे व क्षणात तिकडे वाहणारी असल्यामुळे बॅटरीच्या उपयोगाची नसते. म्हणून मध्ये बहुधा सहा डायोडांची एक पाटी बसवून तिला एकाच दिशेने वाहावयास लावितात. इंजिन हळू फिरो की वेगाने, दाब चौदा व्होल्टांच्या आसपास राहावा म्हणून रेग्युलेटर असतो. आणि फिरत्या रोटरास प्रवाह पोहोचावा म्हणून दोन कड्यांवर अखंड घासत राहणारे कोळशाचे दोन लहान तुकडे असतात. बाजारात त्यांस नुसते ‘कार्बन’ म्हणतात. दोन बेअरिंगे आणि एक पुली मिळविली की यंत्र पुरे झाले.

ह्या यंत्राचे मूळ शोधीत गेले असता आपण एका पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात जाऊन पोहोचतो. फिरत्या चुंबकाने तारेत वीज उत्पन्न होते हे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सिद्ध केले. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण त्यास जवळजवळ मिळालेच नाही. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकावयास उमेदवार म्हणून राहिला, आणि बांधावयास येणारी पुस्तके वाचून विज्ञान शिकला. मोटारीत प्रथम असे तो डायनामो. पुढे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलिअंट गाडीत अल्टरनेटर बसविला आणि हळूहळू डायनामो मागे पडला. तरी आमच्या कोल्हापुरातील जुने मिस्त्री अद्याप ह्या यंत्रास डायनामोच म्हणतात. जे नाव एकदा जिभेवर बसले ते सहसा बदलून घेता येत नाही.

आता आमच्या प्रकरणाकडे वळू. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेस जे महापूर आले, त्यांची आठवण कोल्हापूरकरांस करून द्यावयास नको. शिरोलीजवळ महामार्ग दोन्ही वेळा पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आले ते रात्री, आणि दारात उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या बंपरापर्यंत चढून दोन दिवसांनी ओसरले. गाडी धुऊन, तेल बदलून पुन्हा चालू झाली. चार महिने तिने काही तक्रार केली नाही. दिवाळी उलटल्यावर इंजिनातून एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, आणि एके दिवशी समोरच्या पट्टीवर बॅटरीचे चिन्ह असलेला तांबडा दिवा लागला तो विझेना. व्होल्टमापक लाविला तेव्हा इंजिन चालू असताही काटा बाराच्या जरा वर होता. ह्याचा अर्थ कोठीत काहीच येत नव्हते आणि गाडी शिलकीवर चालली होती.

एरवी हे आम्ही एवढे मनास लावून घेतले नसते. परंतु त्या वर्षी आमच्या मातुश्रींचे डायलिसिस सुरू झाले होते. आठवड्यातून दोनदा, पहाटे साडेसहाला घरून निघून, शहराच्या दुसऱ्या टोकास असलेल्या रुग्णालयात त्यांस न्यावे लागे. वय ब्याऐंशी, रिक्षात चढणे-उतरणे त्यांस कष्टाचे होई, आणि परत येताना त्या इतक्या थकलेल्या असत की गाडीत मागे आडव्या होऊनच येत. अशा माणसास घेऊन वाटेत गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. तेव्हा प्रश्न पैशाचा होताच. पण त्याहून अधिक तो भरवशाचा होता.

सल्ला देणारे तीन जण भेटले. पहिला सल्ला गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचा. तेथील तरुण गृहस्थ सौजन्याने बोलले. त्यांनी गाडी उघडली नाही, संगणकाच्या पडद्यावर भागाचा क्रमांक काढला आणि सांगितले, “सर, पूर्ण युनिट बदलावं लागेल.” किंमत ११,५०० रुपये, मजुरी निराळी. आतले काय बिघडले आहे असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “आम्ही आतलं उघडत नाही, सर. तशी पद्धतच नाही.” दुसरा सल्ला आमच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखविला, की बारा वर्षांच्या गाडीवर साडेअकरा हजार खर्च करणे म्हणजे बुडत्या पेढीत ठेव ठेवणे होय. तेव्हा अल्टरनेटर नव्हे, गाडीच नवी घ्यावी. आमच्या मंडळींस हा सल्ला एकदम पटला. त्यांचा मुद्दा हिशेबाचा नव्हता. “आईंना घेऊन रस्त्यात उभं राहायची वेळ आली तर तुमचे वाचलेले पैसे काय करायचे?” असे त्या म्हणाल्या, आणि ह्या प्रश्नास त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिसरा सल्ला शिवाजी उद्यमनगरातील एका मिस्त्रींचा. ज्यांनी उद्यमनगर पाहिले नाही त्यांस एवढेच सांगतो, की फौंड्रीचा धूर, लेथचा आवाज आणि ओतीव लोखंडाचा वास ह्यांच्या मधोमध कोल्हापूरच्या हातांचे सगळे कसब तेथे गोळा झालेले आहे. आमच्या मिस्त्रींचे दुकान आठ फूट रुंद. वय साठीच्या घरात, डोळ्यांवर चष्मा, आणि बोटांच्या चिरांत जन्माचे भरलेले काळे वंगण. त्यांनी सल्ला दिला नाही. “आधी उघडून बघू, सर, मग बोलू,” एवढेच म्हणाले. तीन सल्लागारांत उघडून पाहण्याची गोष्ट काढणारे ते एकटे.

अल्टरनेटर काढून, चार लांब बोल्ट सोडून त्यांनी त्याची दोन शकले केली, आणि एखादा वैद्य नाडी पाहतो त्या सावकाशीने एकेक भाग पाहिला. मागचे बेअरिंग बोटाने फिरविले तर आत वाळू असल्यासारखे करकरले. त्यातून पिवळट गाळ निघाला. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. रोटराच्या दोन्ही कड्यांवर चरे पडले होते. डायोडच्या पाटीतील दोन डायोड गेले होते. मग त्यांनी स्टेटर उजेडात धरला आणि आम्हांस जवळ बोलाविले. “हे वाइंडिंग बघा, सर. कसं तांबूस, लखलखीत हाय. वास घ्या. जळका वास येतोय का? हे काळं पडलं असतं, तर मीच म्हणालो असतो, नवीन घ्या, माझ्या नादाला लागू नका.” नंतर त्यांनी मीटर लावून स्टेटरची तार बाहेरच्या कवचास कोठे चिकटलेली नाही ना हे पाहिले, आणि रोटरचा रोध मोजला. दोन्ही ठीक निघाले. “ह्याला पाण्यानं मारलं न्हाई, गाळानं मारलं,” असा त्यांनी निर्वाळा दिला. खर्च त्यांनी २,८०० रुपये सांगितला. त्यात दोन्ही बेअरिंगे, कार्बन, डायोडची पाटी आणि नवा रेग्युलेटर येत होता. कड्या लेथवर घासून सारख्या करावयाच्या होत्या.

घरी येताना आमच्या मनात एक जुना प्रश्न घोळू लागला. एवढे सगळे बदलल्यावर उरेल तो आमचाच अल्टरनेटर काय? ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क ह्याने थिसियसच्या नौकेची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ती नौका जपून ठेविली. जी फळी कुजे ती काढून नवी बसवीत. पुढे पुढे ही तीच नौका की दुसरी, ह्यावर तत्त्वज्ञांत वाद माजला. आमच्याकडे हाच विचार निराळ्या अंगाने झालेला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मिनॅण्डर नावाचा ग्रीक राजा वायव्येस राज्य करीत होता; पाली ग्रंथांत त्यास मिलिंद म्हणतात. रथात बसून आलेल्या ह्या राजास नागसेन नावाच्या भिक्षूने विचारिले, की दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजास प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागले. हे सर्व वगळून रथ उरतो काय? त्यासही ‘नाही’. रथ हे ह्या भागांच्या विशिष्ट मांडणीस व्यवहाराने दिलेले नाव आहे, असे अखेर ठरले. अथेन्सच्या तत्त्वज्ञास, वस्तू काळाच्या ओघात तीच राहते काय ही चिंता. नागसेनास, ती मुळात होती काय ही. वर्गात हे दोन्ही प्रसंग आम्ही अनेक वर्षे सांगत आलो आहोत. पण उद्यमनगरातील त्या बाकावर रथाची शकले प्रत्यक्ष समोर पडलेली असताना आमच्या ध्यानात आले, की मिस्त्री तिसराच प्रश्न विचारीत होते. वस्तू तीच आहे काय, हे त्यांस नको होते. ह्यातले झिजण्यासाठी केलेले कोणते आणि टिकण्यासाठी केलेले कोणते, एवढेच त्यांस पाहावयाचे होते.

आमच्या मते सर्व प्रकरणाचा निकाल ह्या एका भेदात आहे. कार्बन झिजणार हे ते यंत्र रचणारास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून तर तो त्यांच्यामागे स्प्रिंग ठेवितो, की झिजले तरी ते पुढे सरकत राहावेत. बेअरिंग झिजणार हेही त्यास ठाऊक असते. म्हणून ते ठरावीक मापाचे, जगाच्या कोणत्याही बाजारात मिळेल असे निवडतो. हे भाग बदलणे म्हणजे ठिगळ लावणे नव्हे. बैलगाडीच्या आसास वंगण घालणाऱ्यास आपण गाडी दुरुस्त करतो असे वाटत नाही, तशातलाच हा प्रकार. स्टेटरच्या वेढण्यांची गोष्ट निराळी. त्या टिकण्यासाठी केलेल्या असतात, आणि त्या जळाल्या म्हणजे यंत्राचा गाभाच गेला. हाताने पुन्हा गुंडाळणारे कारागीर आहेत, पण कारखान्यात जेवढी तार जितकी घट्ट बसते तेवढी हाताने बसविणे अवघड, आणि वर्षभरात पुन्हा तोच प्रसंग येण्याचा संभव. अशा वेळी नवे घेणे हेच शहाणपणाचे.

नव्याची बाजू आम्ही दुबळी करून मांडू इच्छीत नाही. नव्या वस्तूस हमी असते. दुरुस्तीस बहुधा मिस्त्रींच्या शब्दाखेरीज काही नसते. बाजारात नकली बेअरिंगे भरपूर आहेत, आणि चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही वाईट माल बसू शकतो. जुने फेकले म्हणजे वाया गेले असेही नाही, कारण तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड हे तिन्ही वितळून पुन्हा उपयोगात येतात. युरोप-अमेरिकेत तर जुना अल्टरनेटर दुकानात परत दिल्यास पैसे मिळतात, आणि तोच कारखान्यात नीट होऊन पुन्हा विकला जातो. शिवाय अलीकडच्या काही गाड्यांत रेग्युलेटर इंजिनाच्या संगणकाशी संदेशांची देवघेव करतो. तेथे आठ फुटी दुकानाचे फारसे चालत नाही.

परंतु ह्यातील शेवटच्या मुद्द्यात निसर्गाचा हात नसून मनुष्याचा आहे. वस्तू उघडता येऊ नये अशी केली जाते, तिचा नकाशा बाहेर दिला जात नाही, सुटा भाग विकला जात नाही; आणि मग दुरुस्ती परवडत नाही असे गिऱ्हाइकास सांगतात. ह्या रीतीविरुद्ध अलीकडे सरकारेही जागी झाली आहेत. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर, ती कितपत दुरुस्त होऊ शकतात ह्याचे गुण छापण्याची सक्ती केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमिली. तिच्यापुढील चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारी ही दोन होती. युरोपीय संघाने २०२४ साली ह्या हक्काचा निर्देश संमत केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि नकाशा आणि सुटा भाग हे दोन्ही कायद्याने मिळाले तरी तिसरी एक गोष्ट कायद्याने मिळत नाही, आणि ती म्हणजे वाइंडिंग उजेडात धरून त्याचा वास घेणारा मनुष्य. आमच्या मिस्त्रींपाशी दोन मुले काम शिकतात. त्यांच्याविषयी विचारले असता ते म्हणाले, “पोरं हुशार हैत, सर. पर हल्लीची पोरं काढत्यात आणि घालत्यात. उघडत न्हाईत.” पन्नाशी उलटलेल्या शिक्षकास हे वाक्य ऐकून जे वाटले, ते येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्याही पेशात उघडून न पाहता तयार टिपणे काढणारे आणि घालणारे पुष्कळ आहेत.

आम्ही दुरुस्तीचा निश्चय केला. पण तो करताना मंडळींच्या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस प्राप्तच होते, आणि ते उत्तर मिस्त्रींनीच सुचविले. “पंधरा दिवस आईसाहेबांना ह्या गाडीतनं नेऊ नका. तोवर रोज तुम्ही एकटे फिरवा, दिवे लावून, पंखा लावून; आठव्या दिवशी मला मीटर लावू द्या आणि पंधराव्याला परत लावू द्या.” त्याप्रमाणे चार खेपा आम्ही एका ओळखीच्या गृहस्थांच्या मोठ्या गाडीतून केल्या, आणि आमची गाडी रोज रंकाळ्यापर्यंत रिकामी फिरवून आणिली. दोन्ही वेळा काटा चौदावर स्थिर राहिला. तेव्हा मंडळींनी स्वतः मीटर पाहिला, आणि पाचव्या खेपेस मातुश्रींस घेऊन त्या त्याच गाडीत बसल्या. मातुश्री पुढे आणखी दीड वर्ष होत्या. त्या अवधीत गाडी त्यांस घेऊन एकदाही वाटेत थांबली नाही. ह्यावरून दुरुस्ती नेहमीच श्रेयस्कर असे आम्ही अनुमान काढीत नाही. एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधू नये हे आम्ही विद्यार्थ्यांस सांगतच असतो. परंतु जे हात आपण भरवशास योग्य मानितो त्यांस भरवसा सिद्ध करून दाखविण्याची सवड दिली पाहिजे, आणि ती सवड देताना जोखीम दुबळ्याच्या डोक्यावर टाकू नये, एवढे ह्यातून निघते असे आम्हांस वाटते.

असो. अल्टरनेटरचे दिवसही आता मोजकेच असावेत. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारीत तो नसतोच. मोठ्या बॅटरीतून घेतलेली वीज कमी दाबाची करून दिव्यांस पुरविली जाते. मात्र अल्टरनेटर गेला तरी हा प्रश्न जाणार नाही; उलट तो मोठा होऊन बसेल. ही मोठी बॅटरी शेकडो, कित्येकदा हजारो लहान घटांची बनलेली असते. तीतील थोडे घट निकामी झाले तर तेवढेच बदलावे, की लाखो रुपयांची सबंध बॅटरी टाकून द्यावी, हा वाद आजच सुरू झाला आहे. तेव्हाही अधिकृत पडद्यावर सबंध भागाचा क्रमांक येईल, आणि तेव्हाही अर्थशास्त्रज्ञ गाडीच नवी घ्यावयास सांगतील. त्या दिवशी कोणत्या तरी उद्यमनगरात ती बॅटरी उघडून, नासका घट कोणता आणि निरोगी कोणता हे सांगणारा कोणी बसलेला असेल काय, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. तो असावा असे वाटत असेल, तर आज जो आहे त्याच्याकडे काम गेले पाहिजे. हस्तकौशल्याची कोठी बॅटरीसारखीच असते. तीत कोणी काही भरीत नसेल, तर दिवा काही वेळ लागलेला दिसतो एवढेच.